दोरा पचवणारी ग्रंथी

मटण जून निघालं की घरातली जाणती बाई कच्च्या पपईचा तुकडा किसून त्याला चोळते. अगदी एवढासाच. जास्त झाला, किंवा चोळून ठेवलेलं पातेलं ओट्यावर विसरलं, तर चुलीवर चढण्याआधीच मटणाचा लगदा होतो. बोटात धरायला जावं तर तंतू न् तंतू सुटून येतो. पपईच्या चिकात मांस तोडणारं एक विकर असतं, त्याची ही करामत.

याहून जालीम विकरांचा कारखाना आपल्या प्रत्येकाच्या पोटात आहे. जठराच्या मागे, पाठीच्या कण्यावर आडवा पडलेला. लांबी सुमारे १५ सेंटिमीटर, वजन फार तर १०० ग्रॅम, म्हणजे एका मध्यम कांद्याएवढं. दिवसाला लिटरभर किंवा त्याहून थोडा जास्तच रस तो गाळतो. कालवणातलं मटण, वरणातली प्रथिनं, भातातला स्टार्च, साजूक तूप, सगळं या रसापुढे विरघळतं. पण गंमत अशी की हा कारखाना स्वतःच मांसाचा आहे. ग्रीकांनी त्याला ‘पँक्रिआस’ म्हटलं, म्हणजे ‘सगळं मांसच’. त्यात ना हाड, ना कूर्चा. आपण त्याला स्वादुपिंड म्हणतो. मग हे मांस स्वतःच्याच रसात शिजून का जात नाही?

कारण हत्यारं म्यानात असतात. स्वादुपिंड ट्रिप्सिन हे विकर थेट बनवतच नाही; बनवतं ते ट्रिप्सिनोजेन, त्याचं निरुपद्रवी रूप. ते नळीतून वाहत लहान आतड्याच्या पहिल्या वळणात, म्हणजे ड्युओडेनममध्ये पोचलं की आतड्याच्या अस्तरातलं दुसरं एक विकर त्याचा छोटासा तुकडा छाटतं आणि तलवार म्यानाबाहेर येते. मग हे ट्रिप्सिन इतर विकरांची म्यानं काढत सुटतं. खबरदारी म्हणून ग्रंथीच्या पेशी ट्रिप्सिनोजेनबरोबर एक पहारेकरी रेणूही बांधून देतात. चुकून एखादी तलवार घरातच उपसली गेली, तर तो तिला जागीच पकडून ठेवतो.

पहारा मोडला तर काय होतं, ते १८८९ साली बोस्टनच्या रेजिनाल्ड फिट्झ यांनी नीट मांडलं. पोटात एकाएकी उसळणारी, पाठीत आरपार जाणारी कळ, आणि आत ग्रंथी स्वतःलाच पचवत असलेली. १९०१ साली बाल्टिमोरच्या यूजीन ओपी यांना एका मृत रुग्णात त्यामागचं एक कारण सापडलं. पित्तनलिका आणि स्वादुपिंडाची नळी जिथे एकाच तोंडाने आतड्यात उघडतात, तिथे बारीकसा पित्तखडा अडकून बसला होता. एका बोळात दोन घरांची सांडपाण्याची वाट असावी आणि तोंडाशी दगड यावा, तसं.

स्वादुपिंडाची मुख्य नळी त्याच्याही कितीतरी आधी सापडली होती. १६४२ साली इटलीतल्या पादुआ शहरात योहान गेओर्ग विर्सुंग यांनी फाशी गेलेल्या एका खुन्याचं शव उघडलं तेव्हा ती त्यांना दिसली. तांब्याच्या पत्र्यावर तिचं चित्र कोरून, त्याच्या प्रती काढून त्यांनी मोठमोठ्या शरीरशास्त्रज्ञांना पाठवल्या आणि विचारलं, ही रोहिणी म्हणायची की नीला? उत्तर हाती येण्याआधीच, १६४३ साली, त्यांना त्यांच्या घरापाशी गोळी घालून ठार मारण्यात आलं. आजही जगभरचे सर्जन त्या नळीला विर्सुंगची नळी म्हणतात.

सर्जरी शिकणाऱ्या पोरांमध्ये तीन नियम फिरतात. जमेल तेव्हा खा, जमेल तेव्हा झोप, आणि स्वादुपिंडाच्या वाटेला जाऊ नकोस. तिसऱ्या नियमात विनोद कमी आणि इतिहास जास्त आहे. ज्या माणसाने तो नियम मोडला आणि मोडताना प्रत्येक चूक लिहून ठेवली, त्याची ही गोष्ट.

ॲलन ओल्डफादर व्हिपल यांचा जन्म १८८१ चा, इराणच्या वायव्य टोकाला असलेल्या उर्मियाचा. आईवडील अमेरिकन मिशनरी. मुलाच्या कानावर फारसी आणि सिरियाक पडत होती, घरात इंग्रजी. पुढे प्रिन्स्टन, मग न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात वैद्यक. १९२१ साली ते तिथे शस्त्रक्रिया विभागाचे प्रमुख झाले आणि १९४६ पर्यंत त्या खुर्चीत राहिले. (वैद्यकाच्या पुस्तकात ‘व्हिपलचा आजार’ भेटतो तो यांचा नव्हे. तो जॉर्ज व्हिपल यांचा, ज्यांना १९३४ साली नोबेल मिळालं. परीक्षेत या दोघांची अदलाबदल करणाऱ्यांची संख्या कमी नसावी.)

ॲलन व्हिपल यांच्यापुढे स्वादुपिंड आलं ते आधी एका विचित्र कोड्याच्या रूपात. एखादा माणूस सकाळी उपाशीपोटी घामाघूम होतो, बरळतो, प्यायल्यासारखा झोकांड्या खातो, कधी फेफरं येऊन पडतो. घरचे त्याला वेडा समजतात, डॉक्टर फिट्सवर औषध देतात. आणि साखरपाणी पाजलं की दहा मिनिटांत तो उठून बसतो, ‘काय झालं होतं मला?’ म्हणून विचारतो. रक्तातली साखर उतरवणारं स्वादुपिंडाचं इन्सुलिन टोरांटोत १९२१ ते १९२२ मध्ये हाती लागलं. शोधणारे फ्रेडरिक बँटिंग हेही मूळचे सर्जनच. इन्सुलिन कमी पडलं की मधुमेह, हे तेव्हा सगळ्यांना कळलं. पण ते जास्त झालं तर? स्वादुपिंडात पॉल लँगरहान्स यांनी १८६९ साली दाखवलेली पेशींची बेटं आहेत, दहा लाखांच्या आसपास, आणि तरी सगळी मिळून ग्रंथीच्या वजनाचे जेमतेम एक-दोन टक्के. त्यातल्या एखाद्या बेटावर वाटाण्याएवढी गाठ उगवली आणि ती अहोरात्र इन्सुलिन ओतत राहिली, तर त्या माणसाची साखर अशी कोसळते. १९२९ साली टोरांटोतच रॉस्को ग्रॅहम यांनी अशी गाठ काढून रुग्ण बरा करून दाखवला.

त्यानंतर मात्र नवीनच पंचाईत झाली. चक्कर येणारा प्रत्येक माणूस सर्जनच्या दारात उभा राहू लागला. पोट उघडायचं, ग्रंथी चाचपायची आणि काही सापडलं नाही की शिवून टाकायचं, असंही घडत होतं. व्हिपल यांनी त्यावर तीन अटी घातल्या. लक्षणं उपाशीपोटी किंवा श्रमानंतर यायला हवीत; त्याच वेळी रक्तातली साखर ५० मिलिग्रॅमच्या खाली असायला हवी; आणि ग्लुकोज दिल्यावर लक्षणं लगेच ओसरायला हवीत. तिन्ही जुळली तरच चाकू. बस्स. या कामात त्यांच्या जोडीला व्हर्जिनिया नीलँड फ्रँट्झ होत्या, सर्जरी शिकून पॅथॉलॉजीकडे वळलेल्या. दोघांचा निबंध १९३५ चा. आज स्कॅन, एंडोस्कोपी, काय काय आलं, तरी साखर घसरणाऱ्या रुग्णापुढे डॉक्टर पहिल्यांदा तपासतात त्या याच तीन अटी. मला विचाराल तर व्हिपल यांचं सगळ्यात देखणं काम हेच. त्यात त्यांनी कापायला नव्हे, कधी कापू नये हे शिकवलं.

या गाठी काढता काढता आणखी एक गोष्ट त्यांच्या हाताला कळली. स्वादुपिंडात टाका घालता येतो, आणि रुग्ण जगतो. मात्र दोरा कुठला वापरला, यावर बरंच काही अवलंबून असतं.

आता त्या दोऱ्याकडे. सर्जन ज्याला कॅटगट म्हणतात त्याचा मांजराशी काही संबंध नाही. ती मेंढीच्या आतड्याची तात, पिंजाऱ्याच्या धनुकलीला असायची तिचीच चुलत बहीण. शरीरात ती काही दिवसांनी आपोआप विरघळते, टाके काढावे लागत नाहीत, म्हणून सर्जनची लाडकी. १९३४ मध्ये व्हिपल आणि सहकाऱ्यांनी स्वादुपिंडाच्या डोक्याशी, पित्तनलिका जिथे उघडते तिथे झालेला कर्करोग काढायचं ठरवलं. ड्युओडेनमचा भाग आणि त्याला चिकटलेलं ग्रंथीचं डोकं कापून काढलं, टाके घातले कॅटगटचे. तीसेक तासांत रुग्ण गेला. शवविच्छेदनात आतड्याचे टाके सुटलेले सापडले. मांस पचवणाऱ्या रसात त्यांनी मांसाचाच दोरा ठेवला होता. पपई चोळलेल्या मटणात खाटकाचीच सुतळी.

पुढच्या दोन रुग्णांना त्यांनी रेशमाने शिवलं. रेशीमही प्रथिनच, पण त्याची वीण इतकी घट्ट की या रसाचे दात त्यात चटकन रुतत नाहीत. दोघंही ऑपरेशनमधून वाचले. एक रुग्ण सुमारे नऊ महिने जगला आणि पित्तनलिकेच्या संसर्गाने गेला. दुसरा दोन वर्षांहून थोडा अधिक, आणि यकृतात पसरलेल्या कर्करोगाने. १९३५ साली व्हिपल, पार्सन्स आणि मुलिन्स यांनी तीन रुग्णांचा हा निबंध ‘अॅनल्स ऑफ सर्जरी’त छापला. तीनच रुग्ण, त्यातला एक तीस तासांत मेलेला, आणि तोही लपवलेला नाही. आज या ऑपरेशनला जगभर ‘व्हिपल’ म्हणतात ते या तीन रुग्णांच्या हिशेबावरून सुरू झालं.

पहिला मान त्यांचा नव्हेच. इटलीत कोडिव्हिला यांनी १८९८ मध्ये तसा प्रयत्न केला होता, आणि बर्लिनमध्ये वाल्टर काउश यांनी १९०९ मध्ये दोन टप्प्यांत तो तडीस नेला होता. त्यांचा रुग्ण काही महिने जगला. जर्मन सर्जन आजही काउश-व्हिपल असं जोडनाव घेतात, आणि ते रास्त आहे.

दोन टप्पे का, हे समजून घ्यायला हवं, कारण या गोष्टीचं खरं वळण तिथे आहे. ग्रंथीच्या डोक्यात गाठ झाली की पित्तनलिकेचं तोंड दाबलं जातं. पित्त आतड्यात उतरत नाही, रक्तात साठतं. डोळे हळदीसारखे पिवळे होतात, लघवी चहासारखी गडद, शौच मात्र पांढुरकं. अंगाला खाज. आणि सर्जनला भिववणारी खरी गोष्ट ही की अशा रुग्णाचं रक्त नीट गोठत नाही. चाकू लावला की रक्त झिरपतच राहतं. म्हणून आधी पित्ताशय जठराला जोडून पित्ताला आडवाट करून द्यायची, तीन-चार आठवडे थांबायचं, कावीळ उतरली की पुन्हा पोट उघडायचं. काही रुग्ण त्या दुसऱ्या ऑपरेशनपर्यंत पोचायचेच नाहीत.

हे कोडं सुटलं कोपनहेगनच्या कोंबड्यांच्या खुराड्यात. हेन्रिक डाम पिल्लांना चरबी काढून टाकलेला आहार देत होते, आणि पिल्लांच्या कातडीखाली रक्त साकळत होतं. १९२९ पासूनच्या या कामातून एक नवं जीवनसत्त्व निघालं. रक्त गोठण्यासाठीच्या ‘कोआग्युलेशन’ या शब्दाचं पहिलं अक्षर डॅनिश आणि जर्मनमध्ये ‘के’ असतं, म्हणून ते ‘के’ जीवनसत्त्व. ते चरबीत विरघळतं. चरबी पचायला पित्त लागतं. पित्त अडलं की ‘के’ शोषलं जात नाही, आणि यकृत रक्त गोठवणारे घटक बनवू शकत नाही. न्यूयॉर्कच्या टेबलावर रक्त का थांबत नव्हतं, ते डेन्मार्कच्या पिल्लांनी सांगितलं. डाम यांना आणि त्याची रचना उलगडणाऱ्या एडवर्ड डॉइझी यांना १९४३ चं नोबेल मिळालं. तोवर सर्जनांनी ते वापरायला सुरुवातही केली होती.

मार्च १९४०. व्हिपल यांच्यापुढे जठराच्या टोकाचा कर्करोग म्हणून एक रुग्ण होती. त्यांनी जठर कापलं, आणि मग कळलं की गाठ जठरात नाही, स्वादुपिंडाच्या डोक्यात आहे. मागे फिरायची वाट बंद. पण तिला कावीळ नव्हती, रक्त नीट गोठत होतं. त्यांनी एकाच बैठकीत सगळं केलं: ग्रंथीचं डोकं, ड्युओडेनम, जठराचा टोकाचा भाग, पित्तनलिकेचं खालचं टोक, सगळं एका गठ्ठ्यात काढलं. ती पुढे नऊ वर्षं जगली. पुढच्या सर्जनांनी एका टप्प्याची वाट धरली, ती निदान चुकलेल्या या एका ऑपरेशनमागून.

या ऑपरेशनमधला एक क्षण वाचकांना दाखवायलाच हवा. ग्रंथीच्या मानेमागून आतड्यांचं रक्त यकृताकडे नेणारी करंगळीएवढी जाड नीला जाते. सर्जन मान आणि नीला यांच्यामधल्या फटीत अलगद बोट किंवा चिमटा सरकवत बोगदा करतो. पुढे ग्रंथी, मागे रक्ताने भरलेली पातळ भिंतीची नीला, मधे जागा कागदाएवढी. बोगदा आरपार झाला तर पुढे जायचं. गाठ नीलेला चिकटली असेल तर इथेच विचार करायचा. ऑपरेशन पाच-सहा तासांचं, पण खोलीतले सगळे गप्प होतात ते या काही मिनिटांत.

एवढे तास रुग्ण झोपलेला राहायचा तर भूल हवी, आणि त्या काळी भूल बहुतेक परिचारिका देत. व्हिपल यांच्याकडे सर्जरी शिकायला आलेल्या व्हर्जिनिया अपगार यांना त्यांनी सांगितलं, सर्जरी सोडा, भूलशास्त्रात जा. भूल सुधारल्याशिवाय सर्जरी पुढे सरकणार नाही. स्त्री सर्जनला काम मिळणं अवघड, हेही त्यामागे होतंच. अपगार गेल्या, आणि नवजात बाळ पहिल्या मिनिटाला कसं आहे ते मोजायची दहा गुणांची पट्टी त्यांनी बनवली. आपल्या मुलांच्या डिस्चार्ज कार्डावर ‘अपगार स्कोअर’ असतो, तो त्यांचाच.

आणि रक्त? १९३८ मध्ये चार्ल्स ड्र्यू हे कृष्णवर्णीय सर्जन त्याच विभागात आले. गोऱ्या रुग्णांना काळा डॉक्टर चालणार नाही, या तेव्हाच्या रिवाजापुढे व्हिपल यांनीही मान तुकवली आणि त्यांना वॉर्डाऐवजी जॉन स्कडर यांच्या प्रयोगशाळेत रक्तावर कामाला लावलं. ड्र्यू यांनी साठवलेल्या रक्तावर प्रबंध लिहिला आणि त्यांचं नाव रक्तपेढीच्या इतिहासात कायमचं गेलं. यातून भलं झालं म्हणून आधीचा अन्याय पुसला जातो, असं मला वाटत नाही. व्हिपल यांचं चरित्र लिहिणाऱ्याने दोन्ही लिहावं.

सगळी कारकीर्द मिळून व्हिपल यांनी आपलं नाव असलेलं हे ऑपरेशन ३७ वेळा केलं. आकडा इतका लहान आहे की मी दोनदा तपासला. निवृत्तीनंतर ते बालपणीच्या इराणकडे वळले आणि अरबी-इराणी वैद्यकाचा इतिहास लिहीत बसले. ते पुस्तक १९६३ मध्ये त्यांचं निधन झाल्यावर आलं.

त्यांच्यामागे ऑपरेशन जवळजवळ बुडालंच होतं. १९६० आणि ७० च्या दशकांत अनेक ठिकाणी चारातला एक रुग्ण टेबलावर किंवा नंतरच्या दिवसांत दगावत असे. १९७० मध्ये जॉर्ज क्राइल (धाकटे) यांनी लिहिलं की हे सोडून द्या, पित्ताला नुसती आडवाट करून द्या. ऑपरेशन वाचवलं ते नव्या यंत्राने कमी आणि सरावाने जास्त. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये जॉन कॅमरून यांनी एकट्याने दोन हजारांहून अधिक व्हिपल केली; तीच टीम, तीच भूल, तीच परिचारिका, आणि मृत्यू शंभरात दोन-तीनवर आले. २००२ साली अमेरिकेतल्या वृद्ध रुग्णांच्या मोठ्या अभ्यासात असं दिसलं की स्वादुपिंडाची ऑपरेशनं क्वचित होणाऱ्या रुग्णालयांत शंभरातले १६ रुग्ण दगावतात, आणि नेहमी होणाऱ्या ठिकाणी चारही नाहीत. त्या अभ्यासात पाहिलेल्या कुठल्याच ऑपरेशनमध्ये ही दरी एवढी रुंद नव्हती. आपल्याकडे परळच्या टाटा मेमोरियलसारख्या ठिकाणी हे ऑपरेशन आता नित्याचं आहे. टाका मात्र आजही गळतो. कृत्रिम, न पचणारे दोरे आले, तरी ग्रंथी आणि आतडं यांचा सांधा दर पाच-दहा रुग्णांमागे एखाद्याचा पाझरतो, आणि रस पुन्हा तेच करू लागतो, जे १९३४ मध्ये केलं होतं.

आपल्याकडे कावीळ झाली की आधी माळ येते. डोक्यावर ठेवलेली मुळ्यांची माळ दिवसागणिक लांबत गळ्यात उतरते, चुन्याच्या पाण्यात हात धुतले की पाणी पिवळं होतं, आणि आठवडे निघून जातात. विषाणूची कावीळ बहुतेकदा आपोआपच उतरते, म्हणून माळेचा मान टिकून आहे. पण पोटात न दुखता डोळे पिवळे होत चालले असतील, शौच पांढुरकं असेल, अंगाला खाज सुटली असेल, वजन घटत असेल, तर ती नळीचं तोंड दाबलं गेल्याची खूण असू शकते. ग्रंथीच्या डोक्यातली गाठ अशी खूण निदान देते तरी, शेपटीतली तेवढीही देत नाही. माळ घालायची तर घाला, पण त्याच दिवशी सोनोग्राफी करून घ्या. आणि ऑपरेशन ठरलंच, तर संकोच न करता सर्जनला विचारा: ‘डॉक्टर, तुम्ही आणि तुमचं रुग्णालय मिळून वर्षाला अशी किती करता?’